मालूवर लेझर नाही

ज्या वर्षी इआकोपोला मताई, म्हणजे घराण्याच्या प्रमुखाची, पदवी द्यायचं ठरलं आणि त्याच्या थोरल्या लेकीच्या, लुपेच्या, मांड्यांवरचा मालू गोंदून पुरा झाला, त्याच वर्षी सिलियाचं लेझरचं यंत्र ऑकलंडच्या बोटीतून समोआत, आपियाच्या धक्क्यावर उतरलं. मातावाई गावात त्या वर्षाला अजूनही 'इआकोपोच्या पदवीचं वर्ष' म्हणतात. 'यंत्राचं वर्ष' असं फक्त सिलिया म्हणायची.

सिलिया ही इआकोपोची धाकटी बहीण. ती जन्मली तेव्हा सुईणीनं मुलगा झाल्याचं ओरडून सांगितलं होतं. पण पाय फुटल्यावर पोर जी बहिणींच्या पंगतीत जाऊन बसली, ती तिथलीच झाली. अशा फाफाफिने मुली गावात बऱ्याच घरी असतात, आणि ज्या घरात नसते त्या घराला म्हाताऱ्या बायका विचारतात, "मग तुमच्याकडे हार कोण गुंफतं? नाच कोण बसवतं?" मातावाईत नाच सिलियाच बसवायची. तिनं डोळे वटारले की ताड ताड पाय आपटणारे दांडगे पोरगेही तालावर यायचे.

तिला दुखणं एकच होतं, दाढी. कोंबडं आरवायच्या आत ती आरशासमोर उभी राहायची, आणि दुपारी चर्चच्या बायकांत बसली की हनुवटी तळहाताखाली झाकायची. ऑकलंडला ती काही वर्षं एका पार्लरात कामाला होती. तिथं लेझर शिकली आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून स्वतःच आडवी झाली. घाई न करता, दोन बैठकांच्या मधे कातडीला पुरता दम खाऊ देत, तिनं आपली हनुवटी मोकळी केली. मालकिणीनं नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं सिलियानं मागून घेतलं आणि गावी परतली ती त्याच्यासकट. "हात लावून बघा," ती ज्याला त्याला हनुवटी पुढे करून सांगायची. "बटाट्यासारखी गुळगुळीत."

यंत्र कमरेइतकं उंच, लठ्ठ कपाटासारखं. त्यातून एक जाड नळी निघायची, तिच्या टोकाला मूठ आणि मुठीच्या तोंडाशी अंगठ्याएवढी काचेची खिडकी. पायाशी पेडल. ते दाबलं की खिडकीतून उजेडाचा फटका बसायचा, केसाचा काळा रंग तो उजेड पिऊन घ्यायचा आणि केस मुळाशी भाजायचा. मूठ तापू नये म्हणून यंत्राच्या पोटात पाण्याची टाकी होती.

गावातली घरं खांबांवरची, बिनभिंतीची. अशा घरात लेझर लावणं म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याचे डोळे फोडणं. म्हणून सिलियानं मागची पत्र्याची बंद खोली घेतली, खिडक्यांवर जाड चटया ठोकल्या आणि दाराला लाल फडकं बांधलं. फडकं बाहेर लटकत असेल तर खुद्द पाद्रीबाबांनीही आत यायचं नाही. आत असेल त्या प्रत्येकानं जाड चष्मा लावायचा. चष्मे चारच होते, त्यामुळे पाचवं माणूस अंगणात. समोआत बाई एकटी कुठं जात नाही, तिच्याबरोबर मावशी येते, चुलती येते, शेजारीण येते. पहिल्या दिवशी अंगणातल्या बायकांचा गलका इतका झाला की सिलियाला बाहेर येऊन सांगावं लागलं, "आत बाळंतपण चाललेलं नाही. घरी जा!"

पहिल्याच आठवड्यात यंत्र रुसलं. लाल दिवा लागला आणि ते टिटवीसारखं ओरडायला लागलं. सिलियानं टाकीचं झाकण उघडलं तर आत हिरवंगार शेवाळं. टाकी रिकामी दिसली म्हणून भावानं, इआकोपोनं, मायेपोटी पिंपातलं पावसाचं पाणी ओतून ठेवलं होतं.

"पाणी ते पाणी," इआकोपो म्हणाला. "आम्हाला चालतं ते ह्या साहेबाला चालत नाही?"

"तुझ्या पोटात शेवाळं धरलं तर तुझी बायको बघेल. ह्याच्या पोटाचं मला बघावं लागतं."

तिनं यंत्राचा प्लग काढला, टाकी उपसली, नळ्या धुतल्या आणि गॅरेजवाले बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणून भरलं. दिवा हिरवा झाला. मग काही दिवसांनी मूठ तापायला लागली. ह्या वेळी पाणी ठीक होतं, पंखा फिरत होता, तरी मूठ निखारा. सिलियानं खिडकी उजेडात धरली तेव्हा काचेवर तपकिरी साय दिसली. खोबरेल तेल! कोरड्या अंगानं दुसऱ्याच्या घरी जाणं हा तिकडे अपमान, म्हणून प्रत्येक बाई नाहून, नखशिखांत तेल चोपडून येत होती, आणि ते तेल काचेवर जळून बसत होतं. काच तापली की कातडीही भाजणार. त्या दिवसापासून दाराशी नळ, साबण आणि कोरडं फडकं आलं.

पाद्रीबाबांची बायको फणकारली, "मी काय मासा आहे, खवले काढून घ्यायला?"

"नाही बाईसाहेब. माशाला तेलात तळतात. तुम्हाला तळायचं नाही म्हणून धुवायला सांगते."

बाईसाहेब हसल्या आणि नळाखाली गेल्या. पुढे पंख्यात एकदा पाल अडकली, एकदा उंदरानं पेडलची वायर कुरतडली. सिलिया दर वेळी आधी वीज बंद करायची, मग पाणी बघायची, मग पंखा, मग काच, आणि यंत्राचं पोट उघडायची वेळ आलीच तर हात जोडून ऑकलंडच्या मेकॅनिकला फोन लावायची. वर्ष अर्धं सरलं तोवर चर्चमधल्या बायका हनुवटी वर करून गायला लागल्या होत्या. पाद्रीबाबा म्हणाले, ह्या वर्षी गाणं छपरापर्यंत पोचतंय. सिलिया मागच्या बाकावर बसून गालातल्या गालात हसली.

जुलैत पदवीचा समारंभ होता, आणि त्यासाठी सगळ्यांत थोरली बहीण मारेता दहा दिवस आधीच ऑकलंडहून आली. मारेता बोलायला लागली की घरातले पुरुष कामाला लागायचे. थोरल्या बहिणीचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही, मग तो मताई असो की आणखी कुणी.

समारंभाचा शेवट लुपेच्या नाचानं व्हायचा होता. लुपे अठराची, उंच, लाजाळू. ईस्टरनंतर तिनं मालू करून घेतला होता. मालू म्हणजे मांड्यांपासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंतचं बाईचं गोंदण. बारीक रेघा, चांदण्या, समुद्रपक्ष्यांचे पंख. गोंदणाऱ्या तुफुंगानं दातेरी कंगव्यावर काठीचे ठोके मारत तो घडवला, तेव्हा लुपे आपल्या आजीच्या, म्हाताऱ्या सापेताच्या, मांडीवर डोकं ठेवून निपचित पडली होती. रडली, पण हलली नाही. मालू एरवी झाकलेला असतो. नाचताना लावालावा, कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, जरासा उचलला की दिसतो, आणि तेव्हा बघणारा तिचे पाय बघत नाही, घराणं बघतो. म्हणून त्यावर डाग पडला तर तो पोरीवर नाही, घराण्यावर पडतो, आणि पुसता येत नाही.

मारेतानं पोहोचल्या दिवशीच भाचीला उभं करून लावालावा वर केला. मालू बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी पुसून तिनं जवळून बघितलं.

"हे काय गं? रेघांच्या मधे खसखस पेरल्यासारखं?"

"वस्तरा फिरवते आत्या," लुपे पुटपुटली. "की पुळ्या येतात. नाही फिरवला तर केस दिसतात."

"माझ्या पोरींचे पाय बघ, काचेसारखे! आणि आमच्या घराची मुलगी सगळ्या गावासमोर नाचणार, व्हिडिओ ऑकलंडला जाणार, सिडनीला जाणार, आणि पायाला काय, नारळाची शेंडी? सिलिया! तुझं ते कपाट कशाला आहे मग?"

सिलियालाही तेच हवं होतं. लुपेचा नाच तिनंच बसवला होता, हाताचं एकेक बोट तिनं वळवलं होतं. पोरीच्या पायावरून आपल्या यंत्राची कीर्ती सिडनीपर्यंत जाईल हा विचार तिच्याही मनात गोड होऊन बसला. तिनं रीतीप्रमाणे सगळं विचारलं. ऊन लागलंय? नाही, तालीम सावलीतच होते. काही गोळ्या? नाही. वस्तरा कधी फिरवला? काल. एका बैठकीत सगळं जाणार नाही, काही दिवसांनी थोडे केस गळतील, एवढंच, चालेल? चालेल.

यंत्राच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की गोंदणावर वापरू नये. सिलियाला ते पाठ होतं. ऑकलंडला किती जणींच्या घोट्यांवरच्या गुलाबांवर आणि पाठीवरच्या वाघांवर तिनं आधी पांढरी पट्टी चिकटवली होती आणि मग मूठ हातात घेतली होती. पण ते गोंदण. ते दुकानात जाऊन, चित्रांच्या वहीतून निवडून काढलेलं. मालू हा अंगाचाच भाग. नाकाला कुणी गोंदण म्हणतं का? ना सिलियाच्या डोक्यात ते आलं, ना मारेताच्या, ना लुपेच्या. घरातल्या एकाही माणसानं त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल फडकं लागलं. आत लुपे पालथी झोपली, मारेता चष्मा लावून खुर्चीत बसली. तेवढ्यात दार ढकलून सापेता आत आली. सिलिया, मारेता आणि इआकोपोची ही आई, पंच्याहत्तरी ओलांडलेली, काठीपेक्षा बारीक.

"आई! फडकं दिसलं नाही?"

"दिसलं. मला अजून दिसतं. उठ गं लुपे, बाजूला हो. आधी माझ्यावर."

मारेता हसली. "आई, तुला कुठं नाचायचंय?"

"तुफुंगा नवा कंगवा घेऊन आला तेव्हा मी आधी माझ्या दंडावर टोचून घेतलं. ह्या घरात म्हातारीला लागल्याशिवाय पोरीला काही लागत नाही. माझ्या आईनं माझ्यासाठी हेच केलं."

"अगं पण तुझे केस पांढरे," सिलियानं समजावलं. "पांढऱ्यात रंग नाही. यंत्राला ते दिसतच नाहीत. काहीसुद्धा होणार नाही."

"मग बरंच की. नाही झालं तर नाही झालं. झालं तर कळेल." आणि सापेता पलंगावर चढून बसली, लावालावा गुडघ्याच्या वर सारला. पन्नासहून जास्त पावसाळे बघितलेला तिचा मालू निळसर झाला होता, सुरकुत्यांत दुमडला होता, पण एक रेघ तुटलेली नव्हती.

म्हातारीशी वाद घालणं म्हणजे भरतीला हातानं थोपवणं. सिलियानं तिच्या गुडघ्याच्या बाहेरची जागा साबणानं धुतली, कोरडी केली, डोळ्यांवर चष्मा चढवला. सावळ्या कातडीचा खटका निवडला आणि जोर अगदी तळाला आणला, त्याच्याखाली यंत्र जातच नव्हतं. खिडकी पुसली. गुडघ्याच्या वरच्या अंगाला पक्ष्यांची एक रांग होती, तिच्यातल्या कडेच्या पक्ष्यावर मूठ टेकली. पेडल दाबलं. एकदाच.

चटकन आवाज झाला आणि करपल्याचा वास आला.

सापेतानं दात आवळले. सिलियानं मूठ उचलली तर पक्ष्याच्या जागी पांढुरका फुगवटा, भोवती लाली. जिथं काहीच व्हायचं नव्हतं, तिथं झालं होतं.

"तेल! तेल आणते!" लुपे धावली.

"तेल नाही!" सिलिया ओरडली. "पाणी! आईला नळाशी धर!" तिनं आधी पायानं पेडल दूर सारलं, यंत्र बंद केलं, आणि मग आईचा पाय नळाखाली धरून बसली. शेजारणी पपईची पानं, हळद, काय काय घेऊन जमा झाल्या. सिलियानं कुणाला हात लावू दिला नाही. गार पाणी वाहत राहिलं, आणि सापेता सगळ्यांकडे राणीसारखी बघत राहिली.

मारेताचा पट्टा सुरू झाला होता. "जुना डबा! मी म्हटलं नव्हतं? बिघडलेलं यंत्र गळ्यात मारलं तुझ्या त्या बाईनं. आणि तू पोरीवर चालवणार होतीस!"

 आईचा पाय स्वच्छ ओल्या फडक्यानं झाकून सिलिया खोलीत गेली. यंत्र तपासायचं तर चिडून चालत नाही. पाणी बघितलं, भरलेलं आणि नितळ. पंखा मोकळा. काच स्वच्छ, तडा नाही. जोराचा आकडा तळालाच. सगळं जसं हवं तसं. मग ती घरात गेली आणि पेटीतून सियापोचा एक तुकडा काढून आणला. सियापो म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. ह्याच्यावर तिच्या आजीनं काळ्या रंगानं पक्षी आणि चांदण्या काढल्या होत्या. मालूवर असतात त्याच.

"चष्मे लावा," ती म्हणाली. मारेता आणि लुपेनं लावले. बाकीच्यांना तिनं बाहेर घालवलं.

तुकडा विटेवर पसरून तिनं आधी कोऱ्या भागावर मूठ टेकली. फटका. काही नाही. कापड जसंच्या तसं. मग काळ्या पक्ष्यावर टेकली. फटका. धुराची एक बारीक शेंडी उठली आणि पक्ष्याचा पंख करपला.

सिलियानं तुकडा उचलून दोघींपुढे धरला.

"यंत्राला काही झालेलं नाही," सिलिया म्हणाली.  "ते काळं शोधतं आणि जाळतं. केस काळा, मालू काळा. त्याला काय माहीत कोणता आपला जीव आहे ते. पुस्तिकेत लिहिलंय गोंदणावर लावू नका. मी शंभरदा वाचलंय, ताई. मालू हे गोंदण आहे हे मला सुचलंच नाही."

मारेता खाली बसली. तिलाही सुचलं नव्हतं. पण थोरल्या बहिणीला इतक्या लवकर हार मानता येत नाही. ती म्हणाली, "बरं मग, रेघांच्या मधून मधून कर. मधे कोरी जागा आहेच की."

"नाही."

"हळूहळू. एकेक करत."

"खिडकी अंगठ्याएवढी, मालूतली जागा गवताच्या काडीएवढी. नाही, ताई."

मातावाईत धाकटी थोरलीला असं दोनदा नाही म्हणत नाही. चटयांना बाहेरून कान लावून बसलेल्या शेजारणींनी श्वास धरला. मारेता उठली आणि तिनं भावाला हाक मारली. "इआकोपो! ये इकडे. तू आता मताई होणार. तुझ्या मुलीच्या नाचाचा प्रश्न आहे. बोल, कुणाचा शब्द राहणार?"

इआकोपो डुकराच्या भट्टीचे दगड रचत होता, तो हात झटकत आला. एका बाजूला थोरली बहीण, एका बाजूला धाकटी. बिचाऱ्यानं मान खाजवली आणि आईकडे बघितलं.

सापेता नळाशी दगडावर बसली होती. "माझा एक पक्षी उडाला," ती म्हणाली. "पोरीचा थवा बसलाय तसा बसू द्या. मारेता, लोक मालू बघायला येणार आहेत. कोंबडी सोलायला नाही."

अंगणात हसू फुटलं. मारेताही हसेल असं वाटलं, पण तिनं ते गिळलं. मग लुपे पुढे आली. मोठ्यांच्या बोलण्यात ती कधी तोंड घालत नसे. तिनं सिलियाचा हात धरला. "आत्या, यंत्रावर कापड घाल. मी केसांसकट नाचेन. आजी भाजली ते पुरे."

सिलियानं यंत्रावर चादर टाकली. मग कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सापेता काठी टेकत तिच्या मागे आली.

"मान खाली का? एकच फटका मारलास, तोही सगळ्यात हलका. धुऊन, पुसून, डोळे झाकून. दुसरी कुणी असती तर पहिल्यापासून जोरात मारली असती, आणि माझी मांडी जेवणाला वाढली असती. मी तुझ्या हाताखाली बसले ती मला तुझा हात माहीत होता म्हणून." तिनं सिलियाच्या गुळगुळीत हनुवटीला चिमटा काढला. "बटाटा कुठली!"

आरोग्य केंद्रातल्या नर्सनं पट्टी बांधली. फोड फोडायचा नाही, पट्टी कोरडी ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही. सापेतानं तिन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि गावभर पट्टी दाखवत फिरली.

पदवीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. कावा हे मुळांचं पेय पिण्याचा विधी झाला, भाषणं झाली. इआकोपोला नवं नाव मिळालं, डुकरं कापली गेली, चटया वाटल्या गेल्या. दुपार कलायला लागली तेव्हा ढोल वाजले आणि लुपे मांडवात उतरली. डोक्यावर केसांचा आणि शिंपल्यांचा उंच मुकुट, अंगाला तलम चटई, हातापायांना तेल. सिलिया कडेला बसून ओठांनी ताल मोजत होती. पोरीची बोटं पाण्यावरच्या लाटेसारखी वळली, गुडघे जरासे वाकले, आणि योग्य त्या ठोक्याला तिनं चटईची कड उचलली.

मालू दिसला. तेलानं चकाकणारा, काळाभोर, एकेक रेघ जिथल्या तिथे. मांडवातून आरोळी उठली ती समुद्रापर्यंत गेली असेल. केस होते की नव्हते हे त्या दिवशी तिथं असलेल्या एकाही माणसाला विचारा, कुणाला सांगता येणार नाही.

मुख्य नाचणारीचा मान वाढवायला घरच्यांनी भोवती वेडंवाकडं नाचायचं, ही तिकडची रीत. ती जेवढी धीरगंभीर, तेवढे बाकीचे माकड. सापेतानं काठी फेकली आणि मांडवात घुसली. तिनं स्वतःचा लावालावा गुडघ्यावर सारला आणि पट्टीवर थाप मारत ओरडली, "हा बघा! माझा पक्षी पुढे जाऊन वाट तपासून आला! मागचे सगळे सुखरूप!" लोक हसून लोळले. मागून सिलिया हात पसरून आरोळ्या देत शिरली. आणि मग मारेता उठली. अंगात ऑकलंडचा कडक इस्त्रीचा पांढरा झगा होता. ती धावत गेली आणि लुपेच्या पायाशी धुळीत पालथी पडली, भाचीनं पाठीवर पाय ठेवावा म्हणून. लुपे क्षणभर थांबली. आत्याच्या पाठीवर तिनं अलगद पाऊल टेकलं, आणि मालू सगळ्या मांडवाच्या वर आला.

त्या रात्री झगा धुताना मारेता म्हणाली, "सिलिया, तो व्हिडिओ सिडनीला गेला. सगळे विचारतायत, ती नाचणारी म्हातारी कोण?"

दुसऱ्या आठवड्यात सिलियानं दाराच्या फळीवर रंगानं लिहिलं: मालूवर लेझर नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. खाली सियापोचा तो करपलेला तुकडा खिळ्यानं ठोकला. ज्यांच्या मांड्यांवर मालू होता त्या बायका नुसत्या हनुवट्या घेऊन यायच्या, जाताना फळीकडे बघायच्या आणि मान ताठ करून निघायच्या. आपल्या अंगावर यंत्रानंही हात लावू नये असं काही आहे, हे दारावर लिहिलेलं बघून त्यांना बरं वाटायचं. शेजारच्या गावात कुणी तसलंच यंत्र आणलं तेव्हा त्यानं आधी माणूस पाठवून फळीवरचे शब्द उतरवून नेले.

सापेताच्या गुडघ्यावरचा फोड बरा झाला. जागी एक पांढरा ठिपका राहिला आणि त्याला तिनं कधी झाकलं नाही. सिलिया त्या ठिपक्याकडे बघताना पहिल्यांदा मान खाली घालायची. पुढे पुढे आईच तिचा हात धरून त्यावर ठेवायची आणि नातवंडांना सांगायची, "हा पक्षी तुमच्या आत्यानं सोडला."

सापेता पदवीच्या वर्षानंतरच्या वर्षी, ऑक्टोबरात, चर्चमध्ये मुलांचा सण असतो त्या पांढऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी वारली. तिला मारेता आणि सिलियानं न्हाऊ घातलं, आणि मालूला तेल लुपेनं लावलं.